चेहऱ्याचं फिलर: 1 मिलिलिटरमध्ये काय मिळतं, काय नाही

फिलर म्हणजे चेहऱ्यात सुईने टोचून भरायचं जेल. त्याच्या एका सिरिंजमध्ये ते साधारण 1 मिलिलिटर असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. हे माप आधी डोळ्यांसमोर आणा, कारण बहुतेकांची निराशा इथूनच सुरू होते. दोन्ही गाल, नाकाकडून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या आणि हनुवटी या सगळ्यांना मिळून एक सिरिंज पुरवून पुरवून वापरली, तर आरशात फारसं काही दिसत नाही. पैसे मात्र पूर्ण जातात. एकच सिरिंज परवडणार असेल, तर ती एकाच जागी वापरून घ्या.

दुसरी गफलत बोटॉक्सशी होते. बोटॉक्स स्नायू सैल करतं, म्हणून कपाळावरच्या आठ्यांना उपयोगी पडतं. फिलर भराव घालतं. वयानुसार गालांतली चरबी आणि हाडाचा आधार कमी होतो, तिथे ते काम करतं. त्वचेचा पोत, वांग, उघडी रंध्रं यांवर त्याचा उपाय नाही.

इथे विचार केला आहे तो हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरचा: जुव्हेडर्म, रेस्टिलेन, बेलोटेरो वगैरे ब्रँड. हे अ‍ॅसिड जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतं, त्यामुळे शाकाहारी लोकांना शंका नको. त्वचेतलं नैसर्गिक हायल्युरॉनिक अ‍ॅसिड एक-दोन दिवसांत विरघळतं. ते टिकावं म्हणून फिलरमध्ये त्याचे धागे रसायनाने एकमेकांना बांधलेले असतात. जुव्हेडर्मच्या घरातलंच उदाहरण घ्या. व्होल्युमामध्ये मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम अ‍ॅसिड, ते घट्ट आणि गाल-हनुवटीसाठी. व्होल्बेलामध्ये 15 मिलिग्रॅम, ते मऊ आणि ओठांसाठी. गालातलं वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही टिकतं. ओठ सतत हलतात, तिथे सहा महिने ते वर्ष धरा. रेडिएस किंवा स्कल्प्ट्रा ही वेगळ्या द्रव्यांची फिलर आहेत. ती विरघळवणारं औषध नाही, म्हणून पहिल्याच खेपेला ती घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते गाल आणि हनुवटीवर. गालाच्या हाडावर प्रत्येक बाजूला 1 मिलिलिटर खोलवर ठेवलं, की गाल किंचित उचलला जातो आणि खालची घडी आपोआप हलकी होते. घडीतच जेल ठासणारा डॉक्टर चेहरा जड करून ठेवतो. मागे गेलेली हनुवटी 1 मिलिलिटरने पुढे आणली, तरी बाजूने बघताना फरक लगेच कळतो. ओठांना पहिल्या वेळी अर्धा ते एक मिलिलिटर पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ भयंकर सुजलेले दिसतील. ती सूज दोन-तीन दिवसांत उतरते, तोवर आकाराबद्दल मत बनवू नका.

डोळ्यांखालच्या जागेबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. खरा खड्डा असेल, तरच फिलर. आपल्याकडे डोळ्यांखालचा काळेपणा बऱ्याचदा रंगद्रव्याचा असतो. तो भरावाने जात नाही. तिथली त्वचा पातळ असते. जेल वरच्या थरात गेलं, तर निळसर पट्टा दिसतो आणि तो महिनोन्महिने राहतो. हे जेल पाणीही ओढतं, त्यामुळे सकाळी डोळे सुजण्याची सवय असलेल्यांची सूज आणखी वाढते. एका बाजूला 0.3 ते 0.5 मिलिलिटरच्या पुढे जाणाऱ्याला थांबवा. आणि नाक? नाकाला फिलर नकोच. कारण पुढे येतंच आहे.

प्रत्यक्ष कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. समोरून, बाजूने आणि तिरके फोटो काढले जातात. खुणा तुम्ही बसलेले असतानाच करायला हव्यात, कारण आडवं झालं की गाल कानाकडे सरकतो आणि खड्ड्याची जागा बदलते. बधिर करणारं मलम 20-30 मिनिटं लावून ठेवतात. बहुतेक फिलरमध्ये 0.3 टक्के लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतंच, त्यामुळे पहिली टोचणी दुखते, पुढच्या कमी. डोळ्यांखाली आणि गालात सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरली, तर काळंनिळं पडण्याची शक्यता कमी होते. पण कॅन्युला म्हणजे धोका संपला, असं नाही.

खरा धोका जेल रक्तवाहिनीत जाण्याचा किंवा बाहेरून ती दाबण्याचा. ओळख अशी: त्वचा एकदम पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते, बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला वेळ लागतो आणि दुखणं वाढत जातं. साधं काळंनिळं पडणं इतकं दुखत नाही. अशा वेळी हायल्युरोनिडेझ नावाचं, जेल विरघळवणारं विकर जास्त मात्रेत टोचतात आणि रंग परतेपर्यंत तासातासाने पुन्हा देतात. आपल्याकडे त्याची 1500 युनिटची कुपी मिळते. उशीर झाला तर त्वचा मरते. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल उलटं वाहत गेलं, तर दृष्टी जाऊ शकते आणि ती बहुधा परत येत नाही. नाकाला नकार आहे तो म्हणूनच.

म्हणून दवाखान्यात शिरल्यावर सजावट बघू नका. 'हायल्युरोनिडेझच्या कुपी आत्ता इथे आहेत का?' हा प्रश्न विचारा. 'मागवून घेऊ' असं उत्तर आलं, तर उठा. टोचणारा हात त्वचारोगतज्ज्ञाचा किंवा प्लास्टिक सर्जनचा हवा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतली त्यांची नोंदणी तपासून घ्या. खोका तुमच्यासमोर फोडला पाहिजे. त्यावर बॅच क्रमांक, मुदत, आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. जुव्हेडर्मसारखं फिलर 25 अंशांपर्यंतच साठवायचं असतं, त्यामुळे मे महिन्यात कुरिअरने स्वस्तात आलेल्या सिरिंजवर विश्वास ठेवू नका. 'उरलेली अर्धी सिरिंज पुढच्या वेळेसाठी ठेवू' याला ठाम नकार द्या. फोडलेली सिरिंज म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. सुईविना हवेच्या दाबाने फिलर मारणारी पेनं पार्लरमध्ये दिसतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्येच त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे.

पुण्या-मुंबईत नामांकित ब्रँडची एक सिरिंज साधारण 20 ते 40 हजारांना पडते. केवळ सौंदर्यासाठी असेल, तर वर 18 टक्के जीएसटी. तो धरूनच भाव विचारा.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे करू नये. चेहऱ्यावर पिकलेला फोड असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा. ओठावर तापाचे फोड येत असतील, तर आधी सांगा, विषाणूविरोधी गोळ्या सुरू करता येतात. मधमाशीच्या दंशाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, तर तीही सांगा, कारण त्या विषातही हायल्युरोनिडेझ असतं. आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करा. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. दात साफ करणं किंवा रूट कॅनाल आधी-नंतर दोन आठवडे टाळा, तोंडातले जंतू रक्तातून जेलपर्यंत पोचू शकतात.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम, वाफ, दारू नको. फेशियल दोन आठवडे नाही. गालाला घट्ट बसणारं हेल्मेट दोन-तीन दिवस टाळता आलं तर बरं. काळेनिळे डाग आठवडा-दहा दिवस दिसतात. लग्नघरात हे करायचं असेल, तर हळदीच्या किमान चार आठवडे आधी उरका, कारण सूज उतरून दुरुस्तीची वेळ आली, तर हातात दिवस हवेत. काही महिन्यांनी ताप किंवा लशीनंतर फिलरची जागा सुजली किंवा गाठ लागली, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवड्यांनी तपासणीला जा, त्याच उजेडात त्याच कोनातून फोटो काढायला लावा आणि सिरिंजच्या खोक्यातलं बॅच क्रमांकाचं स्टिकर तुमच्या फाइलला चिकटवून घ्या. पुढे दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांना हे जेल विरघळवावं लागलं, तर आत नेमकं काय आहे हे त्यावरून कळतं.