सायलोवर वजन चढलंच नाही, सर्टिफिकेट मात्र आलं

आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटमधला शंभर टनी सिमेंट सायलो म्हणजे साठवणीची उंच टाकी, खाली तिचं वजन मोजणारे 50 टनांचे चार लोडसेल. कॅलिब्रेशनवाला, म्हणजे वजन बरोबर दिसतं का ते तपासणारा, सकाळी आला, जेवायच्या आत मोकळा झाला. दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात: 0, 20, 40 करत 100 टनांपर्यंत, चूक कुठेही 15 किलोच्या वर नाही. पुढे काट्यावर 28.40 टन भरलेला बल्कर (सिमेंटचा टँकर) सायलोत 26.9 दाखवू लागला. संशय ड्रायव्हरवर गेला, ट्रान्सपोर्टरच्या बिलातून पैसे कापले गेले. तीन वेगळ्या पुरवठादारांचा माल सारखाच पाचेक टक्के कमी भरायला लागला, तेव्हा कुठे नजर सायलोकडे वळली.

सर्टिफिकेट नीट वाचलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरचा लीस्ट काउंट 20 किलो, म्हणजे आकडा 20-20 किलोंनीच बदलणार, आणि चुकीच्या रकान्यात 7 किलो, 13 किलो! (छोटी वजनं टाकत आकडा कुठे पलटतो ते पाहून असं काढता येतं, पण शंभर टनांच्या सायलोवर ते कोण करतंय?) शंभर टन म्हणजे 20 किलोची 5,000 वजनं, गेट रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नाही. उघड्यावरच्या सायलोचं भर मे महिन्यात तापमान 25 अंश लिहिलेलं. वर त्या तारखेला सायलोत 40 टन सिमेंट होतं, मग झीरो घेतला कशाचा?

सगळा खेळ सिम्युलेटरचा, म्हणजे लोडसेलसारखे मिलिव्होल्ट देणाऱ्या यंत्राचा होता. लोडसेल 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचे (पूर्ण भाराला, पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे 2 मिलिव्होल्ट), पुरवठा 10 व्होल्टचा, चौघांची क्षमता 200 टन; म्हणजे टनाला 0.1 मिलिव्होल्ट. रिकामा सायलो 12 टनांचा, म्हणजे 1.2 मिलिव्होल्ट, पूर्ण भरल्यावर 11.2. लोडसेलची केबल काढून सिम्युलेटरने तेवढे मिलिव्होल्ट दिले की डिस्प्लेवर 100.00 येणारच. तपासला गेला तो इंडिकेटर, सायलो नव्हे. सिम्युलेटर वापरण्यात लबाडी नाही. तो वापरून 'वजनं ठेवली' असं लिहिण्यात आहे.

खरा दोष वर होता. शेजारच्या सायलोपर्यंतचा नवा वॉकवे दोन्हीकडे वेल्ड करून टाकलेला. माल भरताना सायलो किंचित खाली बसतो, त्या वेळी वॉकवे थोडा भार स्वतःवर घेतो. फिलिंग पाइपला लवचीक जोड नसेल, स्टे रॉडचे (सायलो हलू नये म्हणून लावलेल्या दांड्यांचे) नट आवळलेले असतील किंवा लोडसेलच्या माउंटखाली सिमेंट घट्ट बसलं असेल, तरी हेच होतं.

म्हणून आधी या गोष्टी मोकळ्या करून घ्याव्यात. मग सायलो रिकामा असताना जंक्शन बॉक्समधून (जिथे चारही केबल जुळतात) एकेक लोडसेल सुटा करून मिलिव्होल्ट पाहावेत. प्रत्येकी 1.2 च्या आसपास हवेत; एखादा 0.4 दाखवत असेल तर त्या पायावर भार येत नाही, तिथे शिम (पातळ पत्रा) हवी. तो पाय तसाच ठेवून ट्रिमपॉट (लोडसेलचा सिग्नल कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवणारा माणूस दिसला की काम थांबवावं. त्यानंतर सायलोच्या बाहेरच्या कानांना दोन टन वजनं टांगून रीडिंग घ्यायचं, वजनं उतरवून त्याच रीडिंगपर्यंत सिमेंट भरायचं, पुन्हा वजनं टांगायची. याला अख्खा दिवस जातो. वरच्या टप्प्यांसाठी तीन-चार बल्कर, भरलेले आणि रिकामे दोन्ही वेळा एकाच स्टँपिंग झालेल्या काट्यावर तोललेले. सायलोचा खालचा व्हॉल्व्ह बंद, आणि रीडिंग माल ढकलणारी हवा बंद करून माल बसल्यावरच.

ऑर्डरमध्ये 'वजनांनी की सिम्युलेटरने' हे स्पष्ट लिहून घ्या. सर्टिफिकेटवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह असेल तर त्यांच्या वेबसाइटवर त्या लॅबचा स्कोप (मान्यता कशा-कशासाठी आहे ती यादी) उघडून पाहा. त्यात टेबलावरचे काटेच असतील तर सायलोसाठी ते चिन्ह निरुपयोगी.

हाच कॅलिब्रेशनवाला त्या दिवशी बॅचिंगच्या, म्हणजे मिश्रणासाठी सिमेंट मोजायच्या हॉपरवरही जाऊन आला होता. तिथे आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे मोजमाप 2 टक्क्यांच्या आत लागतं, त्यामुळे तोही नव्याने तपासावा लागला. जुने झीरो-स्पॅनचे (रिकाम्या आणि भरलेल्या वजनाच्या सेटिंगचे) आकडे कुणी लिहून ठेवले नव्हते, आणि जाताना त्याने इंडिकेटरचा पासवर्ड बदलला होता. तो सांगायचे वेगळे पैसे मागितले.