जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचंय? सात रस्त्याजवळच्या तयारी वर्गाबद्दल

जपानी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्यासाठी तयारी करून घेणारा सोलापुरातला हा वर्ग घ्यावा तो डेमो धड्यांसाठी. तिथल्या प्राथमिक शाळेचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. मुख्य जबाबदारी जपानी शिक्षकाची असते, आपण जोडीनं शिकवायचं. म्हणून इथे दोघांना उभं करतात: एकानं संवाद वाचायचा, दुसऱ्यानं फळा आणि चित्रपत्ते सांभाळायचे. आपली मंडळी चुकतात ती व्याख्यान देण्यात. मुलं गप्प बसली की शिक्षक आणखी बोलत सुटतो. सरांचा नियम उत्तम आहे: प्रश्न विचारा, मनात दहा अंक मोजा, मग मुलांना आधी शेजाऱ्याशी बोलू द्या. पाचवी-सहावीला २०२० पासून इंग्रजी रीतसर विषय झाला, त्यामुळे नुसत्या खेळांवर भागत नाही, हेही ते नीट समजावतात.

कागदपत्रांची बाजू मात्र लंगडी. पदवी लागते हे सांगतात, पण शाळेच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी भाषाशिक्षकाचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं, हे फी भरल्यावर कळतं. मराठी माध्यमातल्यांसाठी हीच खरी अडचण! प्रवेशाआधीच शाळेचे दाखले तपासायला हवेत. खासगी भाषावर्गांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो, तो पर्यायही सांगायला हवा. व्हिसाच्या अर्जाआधी जपानकडून मिळणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राची मुदत साधारण तीन महिनेच असते, तेव्हा पासपोर्ट आधीच काढून ठेवा.

हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या शिकवतात, तेवढं पुरेसं आहे.