नऊ महिने एसक्यूएलअल्केमीच्या सेशनबरोबर: दूध संकलनाच्या सर्व्हरवरचा अनुभव

गेले नऊ महिने आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर फास्टएपीआय (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), एसक्यूएलअल्केमी 2.0 (पायथनच्या कोडला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालू आहे. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, सचिव लिटर, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची) नोंद करतात, सर्व्हर दर काढतो, पावती छापली जाते आणि उत्पादकाच्या मोबाइलवर एसएमएस जातो. दिवसातले वीस तास सर्व्हरला फारसं काम नसतं. उरलेल्या चार तासांत सगळी केंद्रं एकदम येतात. अशा ठिकाणी डेटाबेसचं सेशन कधी उघडायचं, कुणी बंद करायचं आणि ते उघडं असताना काय करायचं नाही, हे आम्हाला एकेक करून कळत गेलं.

एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीबद्दलचं मत आधीच सांगते: भक्कम आहे आणि मी ती बदलणार नाही. पहिली आवृत्ती 2006 ची, 2.0 आली जानेवारी 2023 मध्ये, आणि मधल्या वर्षांत लोकांना आलेल्या अडचणींचा विचार तिच्यात जागोजागी दिसतो. आमचे जवळजवळ सगळे त्रास सेशनचं आयुष्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे नीट ठरवलेलं नव्हतं, त्यातून आले.

टीममध्ये सगळ्यात मोठा घोळ होता तो सेशन आणि कनेक्शन एकच समजण्याचा. सेशन म्हणजे सचिवांची कच्ची वही. कोणत्या नोंदी वाचल्या, कोणत्या बदलल्या, कोणत्या नव्याने घातल्या याचा हिशोब त्यात राहतो. वही उघडायला काही लागत नाही. कनेक्शन म्हणजे पक्क्या रजिस्टरापाशी जायची खिडकी, आणि खिडक्या मोजक्याच असतात. सेशन तयार केलं म्हणून लगेच खिडकी अडत नाही. पहिली क्वेरी जाते तेव्हा पूलमधून, म्हणजे तयार कनेक्शनांच्या साठ्यातून, कनेक्शन उचललं जातं आणि कमिट (बदल पक्के करणं), रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा क्लोज होईपर्यंत ते त्या रिक्वेस्टच्याच ताब्यात राहतं. नुसता सिलेक्ट केला, म्हणजे फक्त वाचलं, तरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गट) सुरू होतं. लिहिणाऱ्यालाच ट्रान्झॅक्शन लागतं अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

आता आकडे बघा. पूलचा मूळ आकार 5, गर्दीत आणखी 10, म्हणजे एका प्रोसेसला (सर्व्हर प्रोग्रॅमच्या एका चालू प्रतीला) 15 कनेक्शन. सोळावी रिक्वेस्ट 30 सेकंद वाट बघते आणि मग एरर देते. फास्टएपीआय साधी, म्हणजे असिंक (वाट बघताना दुसरं काम होऊ देणारी) नसलेली फंक्शनं थ्रेडपूलमध्ये चालवतं आणि त्यात मुळात 40 थ्रेड असतात, म्हणजे एका वेळी 40 फंक्शनं चालू शकतात. थोडक्यात आत शिरायला दार चाळीस जणांचं आणि खिडक्या पंधरा. एरवी हे खपून जातं, कारण क्वेरी काही मिलिसेकंदांत संपते आणि खिडकी लगेच मोकळी होते.

आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी ते खपलं नाही. साडेसहाला एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "ताई, नुसतं गोल फिरतंय बघा. पावती येईना झालीय. लोकं किटल्या घेऊन खोळंबल्यात." मी लॉग उघडला तर ओळीमागून ओळ तीच: क्यूपूल लिमिट, साइज 5, ओव्हरफ्लो 10, टाइमआउट 30. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पोस्टग्रेसवर ताण आल्याचा. पण डेटाबेसच्या मशीनचा सीपीयू जवळजवळ शांत होता. मग कोणतं कनेक्शन काय करतंय हे दाखवणाऱ्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी या पोस्टग्रेसच्या व्ह्यूमध्ये बघितलं. आमची पंधराच्या पंधरा कनेक्शनं तिथं होती आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: आयडल इन ट्रान्झॅक्शन. म्हणजे खिडकी अडवून ठेवलेली, पण पलीकडे काहीच काम चालू नाही.

कारण होतं एसएमएस. नोंद करण्याच्या फंक्शनमध्ये उत्पादकाचं खातं वाचायचं, नोंद घालायची, एसएमएस पाठवायचा आणि शेवटी कमिट, असा क्रम होता. त्या सकाळी एसएमएस देणारी सेवा संथ झाली होती. एकेका उत्तराला पाऊण मिनिट लागत होतं, आणि आम्ही त्या कॉलला वेळेची मर्यादा घातलेलीच नव्हती. पाऊण मिनिटभर प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन हातात धरून दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत होती. ज्यांना एसएमएसशी काही देणंघेणं नाही, नुसता मागच्या आठवड्याचा तक्ता बघायचा आहे, तेही त्यात अडकले.

मी घाईघाईने क्रम बदलला. आधी कमिट, मग एसएमएस. कमिट झालं की कनेक्शन पूलमध्ये परत जातं, म्हणजे प्रश्न मिटला असं मला वाटलं. संध्याकाळच्या पाळीला पुन्हा तीच गत. हे सगळ्यात नीट सांगावंसं वाटतं, कारण इथंच बरेच जण फसतात.

कमिटनंतर एसक्यूएलअल्केमी सेशनमधल्या सगळ्या वस्तू शिळ्या समजते. एक्सपायर ऑन कमिट ही सेटिंग मुळातच चालू असते. ती बरोबरच आहे, कारण कमिटनंतर दुसरं कुणी तीच ओळ बदललेली असू शकते. पण माझ्या कोडमध्ये कमिटच्या खालच्याच ओळीत उत्पादकाचा मोबाइल नंबर वाचला जात होता, एसएमएसला द्यायला. वस्तू शिळी, म्हणून लायब्ररीने गुपचूप नवा सिलेक्ट केला. सिलेक्ट केला म्हणजे नवं ट्रान्झॅक्शन, म्हणजे पुन्हा एक कनेक्शन ताब्यात, आणि मग पाऊण मिनिट एसएमएस. कोड वाचताना हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते फक्त एक टिंब आणि मोबाइल हे नाव. इकोची सेटिंग चालू करून प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये छापली तेव्हा कमिटच्या खाली बिगिन आणि सिलेक्ट पुन्हा उमटलेले दिसले.

शेवटी एसएमएसच त्या रिक्वेस्टमधून काढला. आता नोंदीबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पाठवायच्या एसएमएसची एक ओळ वेगळ्या टेबलात पडते आणि एक स्वतंत्र प्रोसेस त्या ओळी उचलते. तिथंही शिस्त तीच: सेशन उघडून ओळी घेतल्या अशी खूण करायची, नंबर आणि मजकूर साध्या व्हेरिएबलमध्ये काढायचे, कमिट करून सेशन बंद करायचं, मग एसएमएस पाठवायचे, आणि निकाल नोंदवायला दुसरं सेशन उघडायचं. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. पण सेवा संथ झाली तर एसएमएस उशिरा जातो, पावती अडत नाही.

सेशन रिक्वेस्टला कसं जोडायचं, हा दुसरा मोठा विषय. आधीच्या एका फ्लास्कच्या (पायथनचंच दुसरं वेब फ्रेमवर्क) कामात आम्ही स्कोप्ड सेशन वापरायचो. प्रत्येक थ्रेडला आपोआप स्वतःचं सेशन मिळतं आणि रिक्वेस्ट संपली की ते काढून टाकायचं. फ्लास्कसाठीचं एक्स्टेन्शन हे स्वतःच सांभाळतं. तीच सवय घेऊन फास्टएपीआयवर आलो आणि ती इथं लागू पडत नाही. एकाच रिक्वेस्टची डिपेंडन्सी (मुख्य फंक्शनला लागणारी गोष्ट आधी पुरवणारं फंक्शन) एका थ्रेडवर आणि मुख्य फंक्शन दुसऱ्या थ्रेडवर चालू शकतं, त्यामुळे थ्रेडच्या नावाने ठेवलेलं सेशन भलत्याच्याच हाती लागू शकतं. इथं यील्ड असलेली डिपेंडन्सी लिहून, म्हणजे यील्डपाशी थांबून सेशन देणारी आणि खालचा कोड नंतर चालवणारी, सेशन उघडपणे हातात द्यायचं. मला हेच जास्त आवडलं. फंक्शनच्या पहिल्या ओळीतच कळतं की याला डेटाबेस लागतो.

पण कमिट त्या डिपेंडन्सीत, यील्डच्या खाली ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. यील्डच्या खालचा कोड कधी चालतो हे फास्टएपीआयच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. 0.106 च्या आधी तो उत्तर पाठवून झाल्यावर चालायचा, 0.106 पासून उत्तराच्या आधी चालायला लागला आणि 0.118 मध्ये पुन्हा उत्तरानंतर गेला. उत्तरानंतर कमिट होणार असेल आणि नेमकं तेव्हाच कनेक्शन तुटलं, तर केंद्रावर पावती छापून झालेली असते आणि डेटाबेसमध्ये नोंदच नसते. दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं तेव्हा तो माणूस पावती घेऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबर असतं. त्याच्या घामाच्या लिटरांचा प्रश्न आहे. आमच्याकडे आता कमिट मुख्य फंक्शनच्या आत, उत्तर तयार होण्याआधी होतं, विथ सेशन डॉट बिगिन या चौकटीत. चौकट नीट संपली तर कमिट, मधे एरर आली तर रोलबॅक. डिपेंडन्सीचं काम फक्त उघडणं आणि बंद करणं.

दुहेरी नोंदींच्या बाबतीत सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली खूण, रोलबॅक फक्त तिथपर्यंतच करता येतं) फार उपयोगी पडला. नेट गेलं की केंद्रावरचा टॅब नोंदी साठवून ठेवतो आणि नेट आल्यावर एकदम पाठवतो. त्यात एखादी आधीच पोचलेली असते. तारीख, पाळी आणि उत्पादक यांवर युनिक बंधन असल्याने डेटाबेस ती नाकारतो. आम्ही ती एरर पकडून पुढच्या नोंदीकडे जायचो आणि पुढची प्रत्येक नोंद पेंडिंग रोलबॅक एररने पडायची. सेशनचं म्हणणं रास्त आहे: ट्रान्झॅक्शन बिघडलं आहे, आधी रोलबॅक करा. पण सगळंच रोलबॅक केलं तर आधीच्या चांगल्या नोंदीही जातात. बिगिन नेस्टेडने प्रत्येक नोंदीभोवती सेव्हपॉइंट घातला आणि फक्त दुहेरी नोंद गळायला लागली.

बाकी गोष्टी लहान आहेत. प्री पिंग (कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासणं) चालू ठेवा. रात्री पोस्टग्रेस रीस्टार्ट झालं तरी पहाटेच्या पहिल्या नोंदीला मेलेलं कनेक्शन मिळत नाही. प्रोसेस वाढवताना गुणाकार करा: चार प्रोसेस गुणिले 15 म्हणजे 60, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातलीही काही सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या मुख्य प्रशासकासाठी) राखीव. पूल नुसता मोठा करून आमचा मूळ त्रास गेला नसता, फक्त दहा मिनिटं उशिरा आला असता. पोस्टग्रेसमध्ये रिकाम्या ट्रान्झॅक्शनला एका मिनिटाची मर्यादा घातली आहे, म्हणजे कुणी पुन्हा तशी चूक केली तर कनेक्शन तुटतं आणि लॉगमध्ये लगेच दिसतं. पार्श्वभूमीतल्या कामाला कधीही रिक्वेस्टचं सेशन किंवा त्यातली वस्तू देऊ नका. आयडी द्या, तिथं नवं सेशन उघडू द्या.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. एसक्यूएलअल्केमीची कागदपत्रं अचूक आहेत पण अफाट आहेत, आणि नव्या माणसाला आधी काय वाचावं हे कळत नाही. आमच्याकडे आलेल्या मुलाला मी सेशनबद्दल वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची पानं आधी वाचायला दिली, तेव्हा त्याची गाडी रुळावर आली. लेझी लोडिंग (जोडलेला डेटा वाचायच्या क्षणीच आणणं) मुळातच चालू असणं मला अजूनही पटत नाही. उत्पादकांची यादी दाखवताना प्रत्येकाच्या गटाचं नाव वाचलं की मागे गटांसाठी पुन्हा पुन्हा सिलेक्ट होत राहतात. आम्ही नव्या मॉडेलमध्ये लेझीला रेज लावतो, म्हणजे विसरलं की एरर येते, आणि जिथं खरंच लागतं तिथं सिलेक्टइनलोड लिहितो, म्हणजे जोडलेला डेटा सगळ्यांसाठी एकदमच येतो.

असिंकवर जायचं का, हे अजून ठरलेलं नाही. कोडची एक वेगळी शाखा करून बघितली. तिथं कमिटनंतर शिळी वस्तू वाचली की गुपचूप सिलेक्ट होत नाही, थेट मिसिंग ग्रीनलेट एरर येते, आणि त्या संध्याकाळची आठवण असल्याने मला ते आवडलं. पण एकच असिंक सेशन गॅदरमधल्या (एकाच वेळी चालवलेल्या) दोन कामांना वाटून देता येत नाही, हे टीममधल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागेल. सणांच्या दिवसांत दूध वाढतं, त्याच्या आत हा बदल मी करणार नाही. तोवर रोज सकाळी सहा ते आठ पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीची क्वेरी स्क्रीनवर एका बाजूला उघडी ठेवते. आज त्यात एका वेळी जास्तीत जास्त चार कनेक्शनं कामात दिसली आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन एकही नाही.