जुनी विटारा ब्रेझा घेताना

2016 ते 2020 मधली डिझेल ब्रेझा (1,248 सीसी) टिकाऊ. तिचा क्लच मात्र शहरी ट्रॅफिकमध्ये लवकर झिजतो. सपाट, मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक; घरघरत राहिलं तर प्लेट घसरतेय, क्लच बदलायचे पैसे भावातून कापा. थंड इंजिन स्वतः सुरू करा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरुवातीला खडखडाट टिकला तर टायमिंग चेन (इंजिनमधले व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारी साखळी) मेकॅनिकला दाखवून घ्या. 2,000 आरपीएमखाली (इंजिनचे मिनिटाला फेरे) ही गाडी सुस्त असते. तो दोष नव्हे, स्वभाव.

फेब्रुवारी 2020 मध्ये आलेली पेट्रोल ब्रेझा असेल तर रिकॉल आधी पाहा. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने 4 मे 2018 ते 27 ऑक्टोबर 2020 दरम्यान बनलेल्या पाच मॉडेलच्या 1,81,754 पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटमधल्या (इंजिन सुरू करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. त्यात ब्रेझाही होती. तपासणी आणि बदल फुकट. कंपनीच्या संकेतस्थळावर एमए3 ने सुरू होणारा चॅसी नंबर टाकला की कळतं. तोंडी ‘झालंय’ चालणार नाही, वर्कशॉपचं जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद) मागा. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी असल्याचा संशय आला तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधा.