वडसाच्या (जि. गडचिरोली) झाडीपट्टी नाट्य मंडळात एक सीझन काम केलं, त्याचा अनुभव

आमच्या भागातले पोट्टे नेहमी विचारतात की भाऊ, वडसाला जाऊन नाटकात शिराचं आहे, तिथं काही शिकवतात का नुसतं राबवून घेतात. फोनवर तेच तेच सांगून राहिलो म्हणून आता एकदाच लिहितो. मंडळाचं अन् दिग्दर्शकांचं नाव टाकत नाही, कारण खाली एक तक्रार पण आहे अन् ती माझ्यात अन् त्यांच्यातच राहिलेली बरी.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. गावच्या हौशी नाटकात तीन वर्षं हिरो केला होता, आवाज दणदणीत, पार मागच्या बांधीत (धानाच्या शेतात) बसलेल्याला ऐकू जाते म्हणून सगळे वाखाणायचे, त्यामुळं वडसाला गेलो तेव्हा वाटलं आपल्याला लगेच मेन रोल भेटते. बावीस वर्षांचा होतो. घरून विरोध होता पण २०२३ मध्ये आपल्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हापासून बा थोडा नरमला होता, नाटकवाल्यालेही दिल्लीत बोलावतात हे त्यानं टीव्हीवर पाहिलं ना. दादांनी (दिग्दर्शकांना सगळे दादाच म्हणतात, साठीच्या पुढचे आहेत) माझं एक स्वगत ऐकलं, मधात थांबवलं नाही, पूर्ण ऐकलं अन् म्हणाले, "पुस्तक धर. बोलाचं मंग पाहू."

पुस्तक धर म्हणजे प्रॉम्प्टिंग कर. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आपल्याकडं दिवाळी झाली, धान निघाला की मंडई (गावची जत्रा) अन् शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागतात अन् तिथून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत रोज रात्री कुठं ना कुठं नाटक असतेच. रात्री उशिरा पडदा उघडते ते पहाटेपर्यंत. एकेका नटाच्या डोक्यात तीन तीन चार चार नाटकं, आज हे उद्या ते, म्हणून विंगेतला प्रॉम्प्टर म्हणजे अर्धं नाटक समजा. तो नटाच्या एक वाक्य पुढं पाहिजे, अन् त्याचा आवाज नटाच्या कानापर्यंत जाऊन तिथंच थांबला पाहिजे, वर लटकवलेल्या माईकनं धरला की संपलं, अख्ख्या गावाला ऐकू जाते.

मी २६ नाईट पुस्तक धरलं. पहिल्या आठवड्यात तर रडकुंडीला आलो होतो, मित्रांना गावात काय सांगू. एका रात्री आमचे एक जुने नट बोलता बोलता थांबले, मला वाटलं विसरले, मी पटकन वाक्य फेकलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं पण नाही. प्रयोग सुटल्यावर शेकोटीजवळ दादा म्हणाले, "तो विसरला नव्हता रे. समोरची बाई काय बोलली ते ऐकून राहिला होता. तू कधी ऐकलं काय कोनाचं?" मी खरंच कधी ऐकलं नव्हतं. गावात मी समोरच्याचं वाक्य कधी संपते याची वाट पाहायचो अन् मग आपलं ओरडायचो. ते दादांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं अन् सांगण्याऐवजी मला विंगेत बसवलं. प्रॉम्प्टरला पूर्ण रात्र ऐकावंच लागते, दुसरं कामच नसते.

मग रोल भेटला, छोटाच, शहरातून परत आलेला पोरगा, घरी येते तर बाप गेलेला. मी तालमीत दारातूनच हंबरडा फोडत आलो. दादांनी ऑर्गन थांबवायला सांगितलं.

"तुया बा बाहेरून घरी आला का पहिले काय करते?"

म्हटलं, दुपट्टा झटकते अन् खुंटीले टांगते.

"मंग तेच कर. अन् खुंटीवर त्याचा दुपट्टा अदुगरच असन."

एवढंच. प्रयोगात मी आलो, खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, खुंटीकडं हात नेला अन् तिथं बापाचा दुपट्टा. हात तिथंच राहिला. मला रडायचं काही कामच पडलं नाही, समोर खाली बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला होता, ते स्टेजवरून दिसत होतं. असा दिग्दर्शक मी दुसरा पाहिला नाही, कोणी काहीही म्हणो.

आता तक्रार. जानेवारीत एका गावात आयोजकांनी लावणी वाढवा म्हटलं अन् दादांनी तो दुपट्ट्याचा सीन कापला. मी सगळ्यांसमोर बोललो की दादा हे बरोबर नाही. त्यांनी काहीच म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा रोल दुसऱ्या पोट्ट्याला, अन् मला कोणी सांगितलंही नाही, मेकअपला बसलो तेव्हा कळलं. चार नाईट बसून होतो, पैसे पण नाही. पाचव्या रात्री त्यांनी माझ्या मांडीवर पुस्तक टाकलं अन् म्हणाले चल, गाडी निघून राहिली. सीन परत घेतला होता. माफी वगैरे नाही. माझं आजही म्हणणं आहे की सीन कापणं त्यांचा हक्क असेल, पण मेकअपच्या पेटीसमोर बसलेल्या माणसाला असं उठवणं चूक होतं, मोठ्या माणसाची असली तरी चूकच.

बाकी व्यवस्था साधी. मला नाईटचे ५०० रुपये होते, लेखी काही नाही, हिशोब सीझन संपल्यावर, म्हणून घरून थोडे पैसे घेऊन जा. झोप गाडीतच होते. जेवण ज्या गावात प्रयोग तिथंच, अन् लोक खूप मायेनं वाढतात, वांग्याची भाजी अन् वरणभात रोज असला तरी कंटाळा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर थंडी बेकार असते, जाड शाल अन् गळ्यासाठी जेष्ठमध, खडीसाखर सोबत ठेवाच. वडसाला गोंदिया-बल्लारशा लाईनची गाडी थांबते, तेवढी सोय आहे.

शिकण्यासाठी पाचपैकी पाच, सोयीसाठी तीन. ज्याला लवकर स्टेजवर उभं राहून फोटो पाहिजे त्यानं जाऊ नये, तिथं महिनाभर विंगेत बसावं लागू शकते. तालमी दसऱ्याच्या आगेमागे लागतात. मी यंदाही जाणार आहे, दादांनी मोठा रोल देतो म्हटलं आहे, पण पहिल्या दहा नाईट पुस्तक मीच धरतो असं मीच त्यांना फोनवर सांगून ठेवलं.