पोलराइज्ड सेफ्टी गॉगल: वर्कशॉपमध्ये एक, गंगापूरच्या पाण्यावर दुसरा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या सेफ्टीच्या दुकानांत आता काळ्या काचेचा, कानापर्यंत वळलेला गॉगल सर्रास दिसतो. ‘दादा, कंपनीत घाला, रविवारी गंगापूर धरणावर बोटीतही घाला, पोलराइज्ड आहे,’ असं सांगून तो विकला जातो. एका गॉगलात दोन कामं होतील, हा मोह समजण्यासारखा आहे. पण ती होत नाहीत.

आधी बोटीचं बघू, कारण तिथे हा गॉगल खरंच कामाचा आहे. पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेने ध्रुवीकृत (पोलराइज्ड), म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. लंबापासून साधारण ५३ अंशांच्या कोनात तर जवळपास पूर्णच. पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते, म्हणून पाण्यावरची चांदी नाहीशी होते आणि पृष्ठभागाखालचं दिसू लागतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठालगतचे खडक आधी दिसणं ही चैन नव्हे, बोट हाकणाऱ्याची गरज आहे. साधी काळी काच सगळंच सारखं अंधारं करते. चकाकीही कमी, खडकही कमी.

दुकानात तपासायची युक्ती सोपी आहे. काउंटरवरचा कॅल्क्युलेटर मागून घ्या. गॉगलची एक काच त्याच्या आकड्यांसमोर धरून हळूहळू अर्धा फेरा फिरवा. कुठल्यातरी कोनात आकडे गडप झाले पाहिजेत. झाले नाहीत, तर ती काच पोलराइज्ड नाही. मोबाइलवर हीच चाचणी फसू शकते, कारण काही स्क्रीन गॉगलमधून काळे पडू नयेत असेच मुद्दाम बनवलेले असतात. आता दुसऱ्या काचेतून बघा: आकडे त्याच कोनात गडप होतात का? स्वस्त मालात एका काचेची दिशा थोडी वाकडी बसलेली असते. मग एका डोळ्याला चकाकी, दुसऱ्याला नाही, आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. दुकानदार ही परीक्षा करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

काचेचा माल विचारायला विसरू नका. रस्त्यावरच्या पोलराइज्ड गॉगलांत बहुधा टीएसी, म्हणजे सेल्युलोजच्या थरांची काच असते. ती दिसायला छान, पण मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की कडेने थर सुटायला लागतात आणि काठाला इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. ठोक्यालाही ती पॉलीकार्बोनेट या मजबूत प्लॅस्टिकच्या पासंगाला पुरत नाही. बोटीसाठीसुद्धा पॉलीकार्बोनेटची पोलराइज्ड काचच घ्यावी. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारं, असं लिहिलेलं हवं आणि गडदपणाची श्रेणी ३ हवी, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. श्रेणी ४ गाडी चालवायला चालत नाही, आणि धरणावरून परत नाशिकला गाडीच चालवायची असते. रंग करडा घ्या.

मग हाच गॉगल शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये का नको? पहिलं कारण उजेड. शेडमध्ये दहा-पंधरा टक्के प्रकाशात जॉब, तो धरणारा फिरता चक आणि हात ओळखणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दुसरं, सीएनसीच्या पॅनलचा एलसीडी मान थोडी कलली की काळा पडतो. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचे आकडे टाकताना ही गंमत नकोच. तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं, ते आघाताचं. गॉगलवरचं मार्किंग वाचायला शिका. ‘झेड ८७ प्लस’ हे अमेरिकी मानकाचं मार्किंग काचेच्या कोपऱ्यावर आणि दांडीवरही कोरलेलं असलं पाहिजे. नुसत्या कागदी टॅगवर असेल तर ती जाहिरात समजा. युरोपीय ईएन १६६ मध्ये ‘एफ’ म्हणजे ६ मिमी पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी काच टिकते. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३.

आता हिशोब करा. ४ इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. १०० मिमी चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या पुढे जातो. चकती फुटली तर तुकडा त्या गोळीपेक्षा जड आणि वेगवान असतो. ईएन १६६ मध्ये चष्म्याच्या घाटाला ‘एफ’च्या वर जाताच येत नाही. म्हणून ग्राइंडिंगला चष्मा आणि त्यावर ‘एफ’पेक्षा वरच्या ‘बी’ मार्कचा फेसशील्ड, दोन्ही लागतात. फेसशील्ड एकटाही पुरत नाही; धातूचे बारीक कण (बर) आणि ठिणग्या हनुवटीखालून उसळून वर येतात. लेथवर, ड्रिलवर साधा पारदर्शक ‘एफ’ चष्मा पुरतो. तो शंभर-दीडशेला मिळतो आणि पॉलीकार्बोनेट रंगहीन असलं तरी अतिनील किरण बहुतेक अडवतं.

वेल्डिंगचा आर्क कुठल्याही उन्हाच्या गॉगलने बघू नये, पोलराइज्डनेही नाही. डोळे लगेच दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. तोवर इजा होऊन गेलेली असते. आर्कला साधारण १० नंबरची काच आणि हेल्मेटच लागतं.

पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मारणाऱ्यांना चष्मा अजिबात नको. मोरचूद-चुन्याचं पाणी कडेने आत जातं. त्यांना चेहऱ्याला चिकटून बसणारा, झाकलेल्या छिद्रांचा बंद गॉगल हवा, ईएन १६६ चा ‘३’ आकडा असलेला. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि मग लगेच दवाखाना.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी घरचा चष्मा सेफ्टी समजू नये. वरून घालायचा मोठा पारदर्शक चष्मा मिळतो, पण पावसाळ्यात दोन काचांमधे वाफ धरते. ‘एन’ मार्कवाला घ्या. त्यावरचा धुकंरोधक थर आपणच घालवतो, कूलंटचा चिकटपणा शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसून. आधी नळाखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ कापडाने टिपा. थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन तर लावूच नका. पॉलीकार्बोनेटला बारीक भेगा जातात आणि पुढच्या ठोक्याला ते फुटतं.

बोटीसाठी आणखी एक खर्च धरा, तरंगणाऱ्या पट्ट्याचा. पॉलीकार्बोनेट पाण्यापेक्षा जड, चष्मा सरळ तळाला जातो. पट्टा लावून घरच्या बादलीत टाकून बघा. पट्टा तरंगतो पण जड गॉगल त्याला ओढून नेतो, असेही जोड बाजारात आहेत.

आमचं मत: बोटीसाठी पोलराइज्डला पाचपैकी चार, एक गुण पट्टा वेगळा विकतात म्हणून कापला. शॉपसाठी त्याच गॉगलला एक, तोही फक्त उन्हात यार्डात माल उतरवणाऱ्यांसाठी, आणि तेव्हाही मार्किंग बघून.