बिघडत्या हार्ड डिस्कवर डीडीरेस्क्यू: काय वाचतं आणि काय वाचत नाही

डिस्क फिरते, आवाजही नेहमीचा आहे, पण एखादा फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, कॉपी ४० टक्क्यांवर अडकून बसते आणि मधेच विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायची का?’ अशा डिस्कवरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आजही सगळ्यात भरवशाचं हत्यार आहे. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ मध्ये ते बाहेर काढलं. मुक्त सॉफ्टवेअर असल्याने पैसे लागत नाहीत. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा टॅली डेटा, जकार्डच्या डिझाइन फाइल्स, युनिफॉर्मवाल्यांचे पॅटर्न, लग्नाच्या स्टुडिओचे फोटो हे सगळं बहुतेक ठिकाणी एकाच डिस्कवर पडलेलं असतं. म्हणून हा आढावा जरा खोलात जाऊन लिहिला आहे.

आधी त्याचं खरं मोल कशात आहे ते. आजारी डिस्कची वाचनं मोजकी उरलेली असतात. एक बॅड सेक्टर (डिस्कवरचा खराब झालेला छोटा कप्पा) वाचताना डिस्क आतल्या आत पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि एकाच जागी कित्येक सेकंद घालवते. विंडोजची साधी कॉपी तिथेच डोकं आपटत राहते. पुढची ९०० जीबी धडधाकट असली तरी तिथवर पोचायच्या आत हेड (डेटा वाचणारं टोक) जायबंदी होतं. डीडीरेस्क्यू उलट्या बाजूने विचार करतं: सहज येतं ते आधी उचल, अडलं की उडी मारून पुढे जा, दुखऱ्या जागेकडे सगळ्यात शेवटी वळ. कुठे काय झालं याची नोंद ते मॅपफाइल नावाच्या एका छोट्या मजकूर-फाइलीत ठेवतं. तिच्यात अधिकचं चिन्ह (+) म्हणजे वाचलं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावला नाही, उणे म्हणजे सेक्टर गेला. काम दहा वेळा थांबवून दहा वेळा सुरू केलं तरी वाचलेला भाग ते पुन्हा वाचत नाही.

पण हे हत्यार कुठे चालवायचं नाही हे आधी कळायला हवं. डिस्क जोडून कान द्या. ठराविक तालात टक-टक येत असेल तर हेड गेलंय. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधून बारीक बीप किंवा गुणगुण येत असेल तर हेड प्लॅटरला (डेटा असलेल्या फिरत्या चकतीला) चिकटलंय किंवा मोटार जाम आहे. खरवडल्यासारखा आवाज सगळ्यात वाईट, कारण तेव्हा प्लॅटरवरचा थरच सोलला जात असतो. या तिन्ही वेळी वायर काढा आणि पुन्हा जोडू नका. हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरच वर तरंगतं, त्यामुळे दुकानात टेबलावर झाकण उघडून ‘बघू तरी’ करणं म्हणजे डेटावर पाणी सोडणं. फ्रिजरमध्ये ठेवायची युक्ती अजूनही ऐकू येते. तीही विसरा, बाहेर काढताच आत दव धरतं.

आवाज ठीक असेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, पाहा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. पाहायचे आकडे चारच: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आल्याने ताटकळलेले), १९८ (वाचताच न आलेले) आणि १९९. पहिल्या तिघांपैकी कुठलाही शून्यावरून वर सरकत असेल तर बाकी कामं बाजूला ठेवा. फक्त १९९ वाढत असेल तर दोष बहुधा साटा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) केबलचा असतो. केबल बदलून बघा, कित्येकदा डिस्क निर्दोष निघते. इथे एक चूक वारंवार होते: विंडोजची डिस्क-दुरुस्ती, चेकडिस्क, चालवणं. चेकडिस्क आजारी डिस्कवरच लिहितं, तुटलेल्या नोंदी स्वतःच्या मर्जीने जोडतं किंवा छाटतं, आणि वर तासन्‌तास दुखऱ्या सेक्टरवर हेड घासतं. ते चालवायचं तर नंतर, आणि तेही प्रतीवर.

सामान थोडंच लागतं. सिस्टमरेस्क्यूचा (डिस्क वाचवायची साधनं असलेल्या लिनक्सचा) बूट होणारा पेन ड्राइव्ह, ज्यात डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि स्मार्टसीटीएल आधीच असतात. साटा पोर्ट असलेला साधा डेस्कटॉप. आणि मूळ डिस्कपेक्षा मोठी, धड असलेली दुसरी डिस्क. १ टीबीची पूर्ण इमेज (आख्ख्या डिस्कची एका फाइलीतली हुबेहूब नक्कल) फॉरमॅट केलेल्या १ टीबी डिस्कवर मावत नाही, म्हणून २ टीबीची घ्या. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, तिथे काम सुरू होताच अडतं. यूएसबी कनेक्टरने डिस्क जोडणं टाळा. वाचताना चूक आली की स्वस्त कनेक्टर डिस्क सोडून देतो आणि लिनक्सला ती दिसेनाशी होते. थेट साटावर हा त्रास कमी. अपवाद पोर्टेबल डिस्कचा: काहींच्या बोर्डावरच यूएसबी पोर्ट असतो, साटा नसतोच, आणि काहींत यूएसबी आणि साटा यांना जोडणारी ब्रिज चिप डेटा एन्क्रिप्ट करते. अशा डिस्क डब्यातून काढून उपयोग नाही.

आता मुख्य काम. कोणती डिस्क कोणती हे नावावरून ठरवू नका. एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात. एलएसबीएलके या लिनक्स कमांडमध्ये मॉडेल, आकार आणि सिरियल नंबर पाहा. दोन्ही डिस्कवर कागदी टेप लावून सिरियलचे शेवटचे चार आकडे आणि ‘जुनी’, ‘नवी’ असं लिहा. हे बारीक काम वाटतं, पण या सॉफ्टवेअरचा एकमेव जीवघेणा धोका इथेच आहे. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क येते, मग गंतव्य. थेट डिस्कवर डिस्क क्लोन करताना उलटं लिहिलं, तर कोऱ्या डिस्कचे शून्य तुमच्या टॅलीवर ओतले जातात. म्हणूनच शक्यतो क्लोन न करता इमेज फाइल बनवा. तसं केलं तर हायफन-एफ हा जबरदस्तीचा पर्याय लागत नाही आणि धोका बराच टळतो.

पहिल्या फेरीचा क्रम असा: डीडीरेस्क्यू, मग हायफन-डी, हायफन-एन, मग मूळ डिस्क, मग इमेजचा पत्ता, शेवटी मॅपफाइलचा पत्ता. डीमुळे लिनक्सची मधली तात्पुरती साठवण (कॅश) बाजूला राहते आणि वाचन थेट डिस्कवरून होतं. एनमुळे दुखरे तुकडे खरवडायचं काम पुढे ढकललं जातं. ही फेरी संपली की तीच कमांड एन काढून आणि हायफन-आर३ (-r3) घालून द्या, म्हणजे उरलेल्या सेक्टरवर तीन प्रयत्न. इथे अक्षर छोटंच हवं. मोठ्या आरचा अर्थ वेगळा: उलट दिशेने, शेवटाकडून वाच. तोही कधी उपयोगी पडतो, विशेषतः एकाच पट्ट्यात पुढून वाचन अडत असेल तेव्हा.

मॅपफाइल कुठे ठेवता याकडे लक्ष द्या. पेन ड्राइव्हवरून बूट केलेल्या सिस्टमचं होम फोल्डर रॅममध्ये असतं. तिथे मॅपफाइल ठेवली आणि लाइट गेली, तर इमेज राहील पण कुठवर वाचलं याचा पत्ता राहणार नाही. इमेज आणि मॅपफाइल दोन्ही नव्या डिस्कवरच असू द्या. ही फाइल साधारण ३० सेकंदांपासून ५ मिनिटांच्या अंतराने डिस्कवर उतरते, त्यामुळे लाइट गेलीच तर नुकसान तेवढ्याच वेळाचं.

काम चालू असताना स्क्रीनवर एक ओळ सतत पाहण्यासारखी आहे: शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला. निरोगी पट्ट्यात तिथे ‘एन/ए’ किंवा शून्य सेकंद. दुखरा भाग आला की ८ सेकंद, १५ सेकंद, ४० सेकंद असं चढत जातं आणि मग एकदम पुन्हा शून्य. हे ठीक आहे. पण हा आकडा मिनिटांमध्ये गेला आणि सोबत वाचनातल्या चुकांचा आकडा भराभर वाढत असेल, तर डिस्कने संप केलाय. ती सगळ्यालाच ‘नाही’ म्हणते आणि चांगला भागही खराब म्हणून नोंदला जातो. कंट्रोल-सी दाबून थांबा, डिस्कचा पॉवर काढून थोडं थंड होऊ द्या, पुन्हा जोडा, सिरियल पुन्हा तपासा आणि त्याच मॅपफाइलवर मोठ्या ‘ए’चा (-A) पर्याय लावून सुरू करा. चुकून अर्धवट सोडलेले तुकडे त्याने पुन्हा ‘हात न लावलेले’ होतात.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर १ टीबीला पावणेतीन तास. वेग १ एमबीवर आला तर साडेअकरा दिवस. त्यामुळे डिस्क कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. स्मार्टचा १९४ नंबर तापमान दाखवतो. तो पन्नाशीकडे सरकला की थांबा. काम रात्री लावा, डिस्क उघडी, सपाट, फरशीवर किंवा लाकडी फळीवर ठेवा, वरून टेबल फॅनचा वारा, पण फॅन वेगळ्या टेबलावर. गादीवर किंवा चादरीवर चालती डिस्क ठेवू नका, खालून उष्णता कोंडते. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर हे काम नकोच. मागाचा धक्का फरशीतून येतो, हेड ट्रॅकवरून हलतं आणि अशक्त डिस्कवर तेवढ्याने वाचन चुकतं. ऑफिस मागांच्या शेजारी असेल तर मशीन घरी न्या. संगणकाला यूपीएस हवाच. साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बदली घेताना क्षणभर अडखळतो आणि पीसी रिसेट होतो.

काम संपल्यावर ‘९९.९९ टक्के वाचलं’ असं दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. इथे थोडं थांबा. १ टीबीचा ०.०१ टक्का म्हणजे १०० एमबी. ते एकाच जागी असतील तर एखादा व्हिडिओ गेला असं समजा. पण ४-४ केबीचे तुकडे होऊन विखुरले असतील तर २४ हजारांहून जास्त ठिकाणी भोकं आहेत. शिवाय कुठे आहेत हेही पाहावं लागतं. एनटीएफएसची फाइल-यादी बहुधा पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागाच्या) सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास सुरू होते. तिथे काही केबी गेले तरी अनेक फाइल्सची नावं आणि पत्ते जातात. फाइलगणिक परिणामही वेगळा. जेपीईजी फोटोत एक सेक्टर गेला तर खालचा अर्धा भाग राखाडी होतो किंवा रंग सरकतात. एमपी४ व्हिडिओची सूची पुष्कळदा फाइलच्या शेवटी असते. ती गेली तर आख्खं लग्न आहे पण प्लेअर उघडत नाही. टॅलीचा आकड्यांच्या नावाचा कंपनी-फोल्डर फाइल्स दिसतात म्हणून धड समजू नका. दुसऱ्या मशीनवर कंपनी उघडा, मार्चअखेरचा ताळेबंद काढा, खात्यांच्या शिलका छापील कागदाशी ताडून पाहा.

डीडीरेस्क्यूची खरी उणीव इथेच आहे: त्याला फाइल म्हणजे काय ते माहीत नाही, सेक्टर तेवढे कळतात. कोणत्या फाइल्सना भोक पडलं हे ते आपणहून सांगत नाही. यावर एक उपाय त्याच्याच पोटात आहे. इमेजची आणखी एक प्रत करा आणि फिल-मोडने त्या प्रतीतले खराब सेक्टर एखाद्या ओळखीच्या शब्दाने भरा. मग प्रत फक्त वाचनासाठी उघडून (माउंट करून) तो शब्द शोधा. ज्या फाइल्समध्ये सापडेल त्या जखमी. काम चोख होतं, पण जागा दुप्पट लागते आणि कमांड लाइनची भीती असणाऱ्याला ते जमणार नाही. नावाचाही घोळ आहे. उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, आणि मधे अंडरस्कोर असलेलं डीडी_रेस्क्यू हे वेगळंच सॉफ्टवेअर आहे. त्याचे पर्याय इथे चालत नाहीत. नकाशा डोळ्यांनी पाहायचा तर डीडीरेस्क्यूव्ह्यू मॅपफाइल उघडून रंगीत चौकोन दाखवतं, ते जरूर घ्या.

इमेज हाती आली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. पार्टिशन दिसत नसेल तर टेस्टडिस्क. नावं-फोल्डर नको, फोटो तेवढे हवेत तर फोटोरेक, पण त्यातून हजारो फाइल्स आकड्यांच्या नावाने येतात आणि लग्नांची सरमिसळ होते. फोल्डरसकट हवं असेल तर डीएमडीई हे रिकव्हरी सॉफ्टवेअर आधी पाहा. त्याची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४,००० फाइल्सपर्यंत काढून देते, छोट्या स्टुडिओला तेवढं पुरतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर इमेज पूर्ण झाल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती आधीच शोधून ठेवा. एसएसडीवरून डिलीट झालेल्या फाइल्ससाठी मात्र हे सगळं निरुपयोगी आहे, ट्रिममुळे (डिलीट झालेल्या जागा मोकळ्या करायच्या सूचनेमुळे) त्या जागा आधीच पुसल्या गेलेल्या असतात.

दुकानात देणार असाल तर एकच प्रश्न विचारा: आधी इमेज काढणार की थेट डिस्कवर स्कॅन लावणार? ‘थेट स्कॅन’ म्हणाले तर डिस्क परत मागा. हेड गेलेल्या डिस्कसाठी क्लीनरूमची (धूळमुक्त खोलीची) लॅब हवी, म्हणजे सोलापूरकरांना पुणे किंवा मुंबई. निदानाचे पैसे वेगळे का, डेटा निघाला नाही तर काय, सुटे भाग काढायला आणलेल्या दुसऱ्या (डोनर) डिस्कचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्या. फक्त बोर्ड बदलून चालेल असं कोणी म्हणालं तर जुन्या बोर्डवरची रॉम चिप नव्यावर हलवणार का ते विचारा. त्या डिस्कपुरती आखलेली मापं तिच्यात असतात, ती नसली तर बहुतेक आधुनिक डिस्क सुरू होत नाहीत. पुण्याला नेताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत बंद करा, वरून टॉवेलच्या दोन घड्या, आणि हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बॅग वरच्या फळीवर न टाकता मांडीवर घ्या. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: काय आवाज येतो, कधीपासून, त्यावर कोणतं सॉफ्टवेअर चालवलं, आणि कोणते तीन फोल्डर सगळ्यात आधी हवेत. मॅपफाइल बनली असेल तर तीही पेन ड्राइव्हवर सोबत द्या. लॅबवाल्याला तिच्यातून डिस्कची दुखरी जागा पहिल्याच दिवशी कळते.